वाचकांचे प्रश्न : जुन्या फोटोतली मोटार कोणती?

प्रश्न : पणजोबांच्या मोटारीच्या फोटोची प्रत पाठवत आहे. रेडिएटर पितळी वाटतो, चाकांना लाकडी आरे आहेत, स्टिअरिंग उजवीकडे आहे. फोटो १९१० चा आणि गाडी लाल रंगाची, असे घरात सांगतात. गाडी कोणती? (एक वाचक, सातारा)

उत्तर : फोर्ड मॉडेल टी, १९१५ किंवा १९१६ चे मॉडेल. १९१० ची नव्हे.

नाव ठरते पाट्यावरून, म्हणजे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवरून. पुढच्या आसाच्या वर भिंगातून पाहा. गाडीच्या रुंदीत आडवा बसवलेला एकच पाटा दिसेल. त्या काळच्या बहुतेक गाड्यांना पुढे दोन पाटे असत, तेही लांबीच्या दिशेने. फोर्डशी हमखास गल्लत होणाऱ्या शेवरोले ४९० ला असा आडवा पाटा नाही. रेडिएटरवरची अक्षरे तुमच्या प्रतीत पुसट आहेत, पण पाटा स्पष्ट आहे, तेवढे पुरे.

आता साल. १९१४ पर्यंतच्या मॉडेल टीमध्ये बॉनेट सपाट लाकडी फळीला काटकोनात भिडते आणि मागची मडगार्डे कोनदार असतात. तुमच्या गाडीत बॉनेटमागचा पत्रा वळत काचेपर्यंत गेला आहे, मागची मडगार्डे चाकाभोवती गोल आहेत. म्हणजे १९१५ च्या आधीची नाही. ऑगस्ट १९१६ मध्ये आलेल्या १९१७ च्या मॉडेलपासून पितळ गेले, रेडिएटरवर काळे कवच आले आणि पुढची मडगार्डेही फुगीर झाली. तुमची पुढची मडगार्डे सपाट आहेत.

पायदानावर गॅसच्या दिव्यांना लागणारा कार्बाइडचा डबा नाही, दिवे विजेचे दिसतात. हेही १९१५ शी जुळते, पण एकट्या दिव्यांवर विसंबू नका. जुन्या गाड्यांवर नंतर विजेचे दिवे सर्रास बसवले गेले. नियम असा धरा : फोटोत दिसणारा सर्वांत नवा भाग जेव्हा बाजारात आला, त्याच्या आधीचा तो फोटो असू शकत नाही. नंतरचा मात्र कितीही असू शकतो. गाडी १९१५ ची असली तरी फोटो १९२५ चा असेल.

रंगाचा निकाल फोटोवरून लागत नाही. त्या वेळच्या बहुतेक काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, म्हणून लाल गाडी काळीच उमटते आणि निळी फिकट. पण १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी कारखान्यातून फक्त काळ्या रंगात निघे. गाडी खरोखर लाल असेल, तर ती नंतर रंगवलेली.

उजवे स्टिअरिंग खरे की फोटो उलटा छापला गेला, हे आधी तपासा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर येते. फोटोत उजवी वर असेल तर निगेटिव्ह उलटी लागली होती. तुमचा फोटो सुलटा आहे. ब्रिटन वगळता ब्रिटिश साम्राज्याला फोर्ड गाड्या कॅनडाच्या कंपनीकडून जात, त्यामुळे ही बहुधा तिथली. पुढे दोन्ही बाजूंना उघडणारी दारे असतील तर शंका आणखी कमी होईल; त्या वर्षांच्या अमेरिकी टूरिंग (उघड्या टपाच्या) मॉडेलला डावीकडे पुढे न उघडणारा, नुसता दाराचा ठसा असे.

मूळ फोटो पुठ्ठ्यावरून सोडवू नका, फाटतो. पुठ्ठ्यासकट १२०० डीपीआयवर स्कॅन करा.

प्रश्न : गाडी अगदी बाजूने टिपली आहे, पुढचे काही दिसत नाही. मोजून ओळखता येईल? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : फार तर मोठी गाडी वगळण्यापुरते. दोन्ही चाकांच्या मध्यांमधले अंतर टायरच्या बाहेरच्या व्यासाने भागा. मॉडेल टीला १०० इंच भागिले ३० इंच, म्हणजे ३.३ येते, शेवरोले ४९० ला १०२ भागिले ३०, म्हणजे ३.४. इतका फरक फोटोत हरवतो, तेव्हा या दोघींत निवड करायला हा आकडा वापरू नका. चाके गोल न दिसता लंबगोल दिसत असतील, तर मोजूच नका.

प्रश्न : बॉनेट पुढे उतरते आहे आणि समोर रेडिएटरच नाही. गाडी कोणती? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बहुधा रेनो. तिचा रेडिएटर १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत इंजिनाच्या मागे असे. बॉनेट संपते तिथे दोन्ही बाजूंना त्याच्या कडा डोकावतात का ते पाहा. तिथेही काही नसेल, तर हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची अमेरिकन फ्रँकलिन तपासा.