वाचकांचे प्रश्न : पीईजीचा आकडा बघा, मग डबा उघडा

प्रश्न : आंब्याच्या ओल्या ओंडक्यापासून लेथवर वाडगे करतो. सुकताना हमखास चिरा जातात. पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये (पीईजी) बुडवा, असा सल्ला मिळाला. बाजारात पीईजी ४०० मिळाले. चालेल का? (डिचोली)

उत्तर : ४०० नको, १००० शोधा. हा आकडा म्हणजे रेणूंचे सरासरी वजन, आणि सगळा फरक त्यातच आहे. ४०० तेलासारखे पातळ असते आणि हवेतली ओल फार ओढते. ४००० चे कडक पापुद्रे असतात. पाण्यात विरघळतात, पण त्याचे रेणू पेशींच्या भिंतीत शिरायला मोठे पडतात. १००० मेणासारखे असून साधारण ३५ ते ४० अंशांना वितळते. आपल्याकडे मे महिन्यात डब्यातच पातळ झाले तर बिघडले असे समजू नका.

लाकूड आकसते ते पेशींच्या भिंतीतले पाणी गेल्यामुळे. पीईजी त्या पाण्याच्या जागी जाऊन बसते आणि उडून जात नाही, म्हणून भिंत फुगलेलीच राहते. त्यासाठी लाकूड ओले हवे. वखारीतल्या सुक्या फळीला याचा उपयोग नाही. ओंडका कापल्यापासून लेथवर चढेपर्यंत ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आधी वाडगा ओबडधोबड कातून जाडी अडीच सेंटिमीटरच्या आसपास आणा.

७ लिटर कोमट पाण्यात ३ किलो पीईजी विरघळवा. हे झाले ३० टक्क्यांचे द्रावण. यात तीन आठवडे लागतात. ५ लिटरला ५ किलो घेतले तर दोन आठवडे धरा. टब प्लास्टिकचा घ्या. लोखंडी पिंपात लाकडातले टॅनिन लोखंडाशी मिळून काळे डाग पडतात, ते मग निघत नाहीत. लाकूड तरंगते, म्हणून वर दगड ठेवा, आणि पाणी उडेल तेवढे घालत राहा. फणसासारख्या घट्ट, चिकाच्या लाकडाच्या गाभ्यात द्रावण सावकाश जाते, तिथे घाई नको. बाहेर काढल्यावर सावलीत सुकवा, दर आठवड्याला वजन करा, आणि वजन घटायचे थांबले की शेवटचे कातकाम करा.

खरी अडचण पावसाळ्यात. हवेतली आर्द्रता सत्तरच्या पुढे गेली की असे लाकूड ओल धरते, पृष्ठभाग घामेजतो, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर आर्द्रता याहून बरीच वर असते. त्यामुळे वॉर्निश वाळत नाही, चिकट राहते. काम कोरड्या दिवसांत करा, पृष्ठभाग स्पिरिटने पुसा आणि हवेतल्या ओलीवर घट्ट होणारे पॉलियुरेथेन लावा. जोडकामाला पांढरा गोंद भरवशाचा नाही. स्पिरिटने पुसून इपॉक्सी वापरा. वाडगा शोभेचाच ठेवा: दही, आमटी घातलीत तर पीईजी पाण्याबरोबर सुटत जाईल. अंगणात उघड्यावर ठेवायच्या वस्तूलाही ते याच कारणाने निरुपयोगी. शिवाय ते कीडनाशक नाही. आंब्याला भुंगेरे लागतात, त्याची तजवीज वेगळी करावी लागेल.

(स्वीडनचे ‘वासा’ जहाज १६२८ मध्ये बुडाले आणि १९६१ मध्ये वर काढले गेले. त्याच्यावर १९६२ पासून १७ वर्षे हेच फवारत होते. त्यामानाने तुमचे तीन आठवडे काहीच नाहीत.)

प्रश्न : कोलोनोस्कोपीआधी घ्यायच्या पावडरीवर हेच नाव आहे. गाडीच्या कूलंटमध्येही ग्लायकॉल असते. मग हे विष नव्हे का? (म्हापसा)

उत्तर : नव्हे. कूलंटमध्ये असते ते इथिलीन ग्लायकॉल, आणि ते विषारी आहे. तुमच्या पाकिटातले पीईजी ३३५० किंवा ४००० क्रमांकाचे असते. पाकिटावर कधी ‘मॅक्रोगोल’ असे नाव असते. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ जात नाही, पाणी धरून ठेवते आणि आतडे धुऊन काढते. सोबतचे क्षार असतात ते शरीरातले क्षार वाहून जाऊ नयेत म्हणून. म्हणूनच पाकिटावर २ लिटर पाणी लिहिले असेल तर २ लिटरच घ्या. ‘कमी पाण्यात लवकर उरकू’ या नादात प्रमाण बिघडते. साधारणपणे दर १० ते १५ मिनिटांनी एक पेला घेतात. थंड करून घेतले तर चव सोसवते. मळमळले तर थोडा वेळ थांबा. मधल्या वेळी शहाळ्याचे पाणी, बिनदुधाचा चहा चालतो. कोकम सरबत, सोलकढी, बीट मात्र नको, कारण लाल रंग आतून रक्तासारखा दिसतो. मूत्रपिंड वा हृदयाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या असतील तर आधीच डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : फार्मसीच्या प्रयोगात पीईजी मलम रवाळ झाले. कुठे चुकले? (फोंडा)

उत्तर : बहुधा ढवळणे थांबवले. ४०० क्रमांकाचे ६० ग्रॅम आणि ३३५० चे ४० ग्रॅम एकत्र ६५ अंशांपर्यंत गरम करा, खाली उतरवा आणि गोठेपर्यंत ढवळत राहा. तसेच ठेवले की घन भाग आधी वेगळा जमतो आणि कण लागतात. मलमात ६ ते २५ टक्के पाण्याचे द्रावण घालायचे असेल तर १०० ग्रॅममागे ३३५० मधले ५ ग्रॅम काढून तेवढे स्टिअरिल अल्कोहोल घाला, नाहीतर मलम पातळ होते. पेनिसिलिन किंवा बॅसिट्रासिन यात मिसळू नका, ती निकामी होतात. आणि कारखान्याच्या पिंपातले औद्योगिक प्रतीचे ४०० मलमाला घेऊ नका: औषधी प्रतीत इथिलीन आणि डायइथिलीन ग्लायकॉल मिळून ०.२५ टक्क्यांहून जास्त चालत नाही, औद्योगिक प्रतीला ती हमी नसते.

प्रश्न : क्रीमच्या ट्यूबवर ‘पीईजी-८’ लिहिलेले असते. इतका छोटा आकडा? (मडगाव)

उत्तर : सौंदर्यप्रसाधनांत वजन लिहीत नाहीत, साखळीतल्या कड्या मोजतात. एका कडीचे वजन ४४. त्यामुळे पीईजी-८ म्हणजे तुमचे नेहमीचे ४००. ‘पीईजी-४० हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल’ मात्र वेगळा पदार्थ. ते एरंडेलाला पीईजीच्या साखळ्या जोडून केलेले असते आणि सुगंधी तेल पाण्यात मिसळायला वापरतात.