रक्तगट एकच आहे, मग बोन मॅरो का जुळला नाही?

तुमच्या भाच्याचं वाचलं दादा. त्याच्या सख्ख्या बहिणीचा रक्तगट तोच असून बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा मगज, जुळला नाही, आणि जगात 4 कोटींच्या वर दाते नोंदवलेले असताना आपल्याला एक का मिळू नये, असं तुम्ही विचारलंय.

आधी रक्तगट डोक्यातनं काढा, तो वेगळा असला तरी ट्रान्सप्लांट होतं. इथं बघतात ते एचएलए. ही जीन्स सहाव्या क्रोमोसोमवर जवळजवळ असतात, आपली पेशी कुठली न परकी कुठली हे शरीराला त्यावरनं कळतं, आणि आईकडनं एक गठ्ठा न वडलांकडनं एक असा अख्खाच येतो, म्हणून सख्ख्या भावंडात पूर्ण जुळायचा चान्स 25 टक्केच. त्या पोरीला हे नीट समजावून सांगा, लेकरं असलं मनाला लावून घेतात.

आता बाहेरचा दाता. एचएलएचे हजारो प्रकार आहेत, कारण प्रत्येक मुलखानं रोगांच्या वेगळ्या साथी सोसल्या न तिथं कामाला आलेले प्रकार टिकले. त्यात आपल्याकडं शेकडो वर्षं लग्नं जातीतल्या जातीत, मग गठ्ठेही तिथंच फिरत राहिले. अमेरिकेतल्या रजिस्ट्रीचा, म्हणजे दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, 2014 चा अभ्यास आहे, युरोपियन वंशाच्या पेशंटला पूर्ण जुळणारा दाता सापडायची शक्यता 75 टक्के, दक्षिण आशियाई पेशंटला 33 च्या आसपास. आपली माणसं नोंदवलेलीच कमी, हे त्यातलं मोठं कारण, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही पद्मशाली, सोलापुरात कितीही पिढ्या झाल्या तरी गठ्ठे तेलंगणातलेच, तेव्हा वरंगल-करीमनगरकडच्या पाहुण्यांनाही नोंदणी करायला सांगा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवाला अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो, तिथं रजिस्ट्रीवाल्यांना बोलवून एक टेबल टाका. गालाच्या आतनं कापसाची काडी फिरवायची एवढंच असतंय, सुई नाही काही नाही. पुढं कुणी जुळलाच तर बहुतेक वेळा पाचेक दिवस इंजेक्शनं न मग हातातनं मशीनवर पेशी काढतात, मणक्याला कुणी हात लावत नाही, ही भीती लोकांच्या मनातनं आधी काढा.

अजून एक, घरात मामा-भाचीचं नाहीतर मामेबहिणीशी लग्न झालेलं असेल तर आईवडील, काका, मावश्या सगळ्यांचं टायपिंग, म्हणजे एचएलएची तपासणी, करा, एकच गठ्ठा दोन्हीकडनं आलेला असू शकतो. आणि दाता शोधण्यात महिने घालवू नका, आईचा किंवा वडलांचा हाफ मॅच, म्हणजे अर्धाच जुळणारा मॅरो, चालेल का हे डॉक्टरांना याच भेटीत विचारा.