सात दिवस नुसतं पाणी, करायचं काय?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही दोघंही रिटायर्ड, ठाण्याला असतो. मुलगा न्यू जर्सीला. या वेळी त्याच्याकडे विमानाने न जाता लंडनपर्यंत उडायचं आणि पुढे साउदॅम्प्टनहून क्वीन मेरी २ या बोटीने न्यूयॉर्क गाठायचं असं माझ्या डोक्यात आहे. सात रात्री, मधे एकही बंदर नाही. मिसेस म्हणतात, सात दिवस नुसतं पाणी बघून करणार काय, दुसऱ्या दिवशीच येरझाऱ्या घालायला लागाल. खरंच कंटाळा येतो का हो? आणि खोली कोणत्या बाजूची घ्यावी?

उत्तर : काका, काकूंचं म्हणणं खरं होणार, पण येरझाऱ्या घालायला त्या बोटीइतकी चांगली जागा नाही. ३४५ मीटर लांब बोट आहे आणि सातव्या डेकवर सगळ्या बाजूंनी फिरता येतं, तीन चकरा मारल्या की साधारण पावणेदोन किलोमीटर होतात. फक्त विंडचीटर घ्या, कारण बोट तासाला पस्तीसेक किलोमीटरने पळत असते, त्यामुळे समुद्रावर वारा पडलेला असला तरी डेकवर तेवढा वारा लागतोच, आणि समोरून वारा असला तर पुढच्या टोकाला चालताना टोपी हातात धरावी लागते.

कंटाळ्याचं म्हणाल तर माझं मत उलटं आहे, लोक कंटाळत नाहीत, दमतात. रोज रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमांचा कागद येतो, लेक्चर, बॉलरूम डान्सचा क्लास, क्विझ, नाटक, प्लॅनेटेरियमचा शो (हो, बोटीवर प्लॅनेटेरियम आहे), आणि आपली माणसं पैसे भरलेत म्हणून पेन घेऊन सगळ्यावर गोल करत सुटतात. तसं करू नका. दिवसाला एक, फार तर दोन गोष्टी धरा, बाकी वेळ मोकळा सोडा. मला विचाराल तर एक दुपारी बारा वाजताची, तेव्हा कॅप्टन स्पीकरवरून सांगतो आत्ता बोट कुठे आहे, वारा किती, खाली पाणी किती खोल. वाटेत बऱ्याच ठिकाणी खाली तीन-चार किलोमीटर पाणी असतं, हे चहा पिताना ऐकायला वेगळंच वाटतं. दुसरी साडेतीनची चहाची वेळ, पांढरे हातमोजे घातलेले वेटर काकडीचे सँडविच आणि स्कोन घेऊन फिरतात, मागे वाद्यवृंद. काकूंना ते नक्की आवडेल. लायब्ररी मोठी आहे, खिडकीजवळची खुर्ची मिळवायची तर सकाळी लवकर जा.

आणि एक गंमत. इंग्लंड आणि न्यूयॉर्कच्या घड्याळात पाच तासांचा फरक, तो बोटीवर हप्त्याने फेडतात, पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे. म्हणजे पाच दिवस तुमचा दिवस २५ तासांचा! जेट लॅग वगैरे काही नाही, मुलाच्या घरी उतराल ते ताजेतवाने. उलट दिशेने, म्हणजे न्यूयॉर्कहून इंग्लंडला, हेच तास कापले जातात, म्हणून पहिल्यांदा करायचं तर तुम्ही म्हणताय तीच दिशा बरी. डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

खोली डाव्या बाजूची घ्या. बोट पश्चिमेला जाते तेव्हा डावीकडे दक्षिण, ऊन तिकडूनच. उजवीकडची बाल्कनी बहुतेक वेळ सावलीत आणि गारठ्यात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेला गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी आणि लॅब्राडोरचं थंड पाणी भेटतं, तिथे दाट धुकं पडू शकतं, मग कोणत्याच बाजूला काही दिसत नाही, नुसता भोंगा ऐकायचा, दोन-दोन मिनिटांनी. तो दिवस पत्ते आणि जिगसॉचा. टेबलावर अर्धवट जिगसॉ पडलेलं असतं, येणारा-जाणारा दोन तुकडे लावतो आणि पुढे जातो, त्यातूनच ओळखी होतात. कुत्र्यांवरूनही होतात, कारण या फेरीवर लोक कुत्री-मांजरंही नेतात, त्यांच्या डेकवर २०१६ पासून न्यूयॉर्कचा फायर हायड्रंट (रस्त्यावरचा आगीच्या बंबाचा नळ) आणि इंग्लंडचा दिव्याचा खांब असे दोन्ही उभे केलेत, ज्याला जो पटेल तो!

व्हिसा दोन्ही देशांचे लागतील. पोचायच्या पहाटे गजर लावा, न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरच्या वेराझानो पुलाखालून बोट अंधारातच जाते आणि धुराडं पुलाला घासणार असंच वाटतं.

प्रश्न : मला एसटीतसुद्धा त्रास होतो. बोट लागली तर सात दिवस काय करू?

उत्तर : खोली मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी. ही बोट अटलांटिकसाठीच बांधलेली आहे, तरी हिवाळा टाळा, जून-जुलै बरे. गोळी उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर पोटात ठरत नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर यातल्या बऱ्याच गोळ्या चालत नाहीत, डॉक्टरांना विचारूनच घ्या. मळमळलं की खोलीत पडून राहू नका, बाहेर येऊन क्षितिजाकडे बघा, आल्याचा तुकडा चघळा, पोट अगदी रिकामं ठेवू नका. बोटीवर डॉक्टर असतो पण बिल तगडं येतं, इन्शुरन्स काढाच.

प्रश्न : आम्ही कांदा-लसूणसुद्धा खात नाही, आणि मला गाउन घालणं जमणार नाही. जावं का?

उत्तर : जा की! जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या रात्री वेटरला परत सांगा. क्रूझच्या बोटींवर गोव्याची मुलं पुष्कळ असतात, एखादा भेटला तर काम सोपं. थेपले, चिवडा बोटीवर खाऊन संपवा, उतरताना अमेरिकन कस्टम्सला खायच्या वस्तू सांगाव्या लागतात. गाला नाइटला, म्हणजे सगळे नटूनथटून जेवायला येतात त्या रात्री, पैठणी नेसा, साडी चालते, आणि मिस्टरांचा बंदगळाही.