नव्वदीतही उकिडवं बसता आलं पाहिजे

प्रिय बेटा,

आमची पिढी नव्वदी पाहील काय, असं तू विचारलंस. बरेच जण पाहतील. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, आता ते सत्तरीला पोचलं आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात निरोगी वर्षं त्याहून साधारण दहानं कमी भरतात. मला घोर आहे तो त्या दहा वर्षांचा.

ती गावात कशी जातात ते बघ. म्हातारं माणूस आधी शौचाला उकिडवं बसायला भितं. मग जावंच लागू नये म्हणून जेवण तोडतं, पाणी कमी पितं, तेही आपल्या मे महिन्यातल्या 45 अंशांत! अंग वाळतं, तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, की लागलं खाटेला. मांड्यांतली ताकद मात्र कितीतरी आधीच गेलेली असते. तिशीनंतर दर दहा वर्षांत 3 ते 8 टक्के स्नायू घटतात, साठीनंतर आणखी झपाट्यानं.

शेतकऱ्याला व्यायाम कशाला, असं म्हणू नको. तू वावरात मोटारसायकलनं जातोस, नांगरटी ट्रॅक्टर करतो. निंदण-वेचणी तुझी आई करते, त्यात कंबर झिजते, मांड्या बळकट होत नाहीत. तू उठाबशा काढ. आईला हात न टेकता खुर्चीवरून उठबस करायला लाव. तिचं वय गेलं असं समजू नको. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या प्रयोगात नव्वदीच्या माणसांनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलली, तर ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. सोबत ताटात घट्ट वरण हवं, हरभरा हवा, चालत असतील तर अंडी.

आणि तो सुपारी-तंबाखूचा खर्रा सोड, हात जोडून सांगतो. सुपारीनं गालाची आतली कातडी आवळत जाते, ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. तोंडात दोन बोटं जात नाहीत, तिखट सोसत नाही, पुढं कॅन्सरची भीती. ऐंशी वर्षं जगायचं आणि तिशीपासून भाकर कुस्करून गिळायची?

तिशीनंतर आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, बीपी-शुगर फुकट तपासतात. या आठवड्यात बाबांना घेऊन जा. औषधाची गोळी सुरू झाली, तर ‘आता बरं वाटतं’ म्हणून त्यांना ती मधेच सोडू देऊ नको.

तुझा,
काका