मागच्या सीटवर बसून बघितली का?

प्रश्न : काका, मी विट्याजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, आठवीतला मुलगा, पाचवीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला आहे. सव्वासात लाखांपर्यंत जमतंय. ह्यांचं मन सेडानवर आहे. सांगलीत एका सेकंडहँड गाड्यांच्या दुकानात 2018 ची होंडा सिटी बघितली. पेट्रोल, मॅन्युअल, पुणे पासिंग, दुसरा मालक, रनिंग 61,000 किमी. दुकानदार म्हणतो, 'एकदम घरगुती गाडी, डोळे झाकून घ्या.' फक्त टायर घासलेत, ते चारही नवे टाकावे लागतील असं त्यानंच सांगितलं. टायरवरच्या आकड्यांचे, विम्याच्या कागदाचे आणि गाडीच्या पुढच्या बाजूचे फोटो पाठवते आहे. घ्यावी का?

उत्तर : ताई, फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. बाकीचे वाचक रंग कळवतात.

आधी टायर. तुमच्या फोटोत चारही टायरांवर 1423 आहे. म्हणजे 2023 सालच्या 14 व्या आठवड्यात, एप्रिलच्या सुरुवातीला, ते कारखान्यातून बाहेर पडले. 2018 च्या गाडीवर 2023 चे टायर असले तर हा दुसरा संच झाला, आणि त्यात गैर काही नाही. पण तो दुसरा संचही आता संपलाय असं दुकानदार स्वतः सांगतोय. आपल्याकडच्या रस्त्यांवर अशा गाडीचा एक संच साधारण 40-45 हजार चालतो. दोन संच संपले तर 80-90 हजार व्हायला हवेत आणि मीटर 61 म्हणतंय. कदाचित अलाइनमेंट बिघडून टायर लवकर गेले असतील. तसं असेल तर ते एका कडेनं जास्त खाल्लेले दिसतील, हात फिरवला की कळतं. सगळीकडून सारखे झिजले असतील तर मात्र मीटर मागे फिरवलंय असं धरूनच पुढचं बोलायचं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये शेवटची सर्व्हिस किती किलोमीटरला झाली, त्याची नोंद मालकाकडून किंवा दुकानदाराकडून मागवून घ्या. 'नोंद बाहेरच्या गॅरेजमध्ये आहे' असं उत्तर आलं तर त्या गॅरेजचं बिल मागा.

आता विमा. ह्या कागदाकडे गाडी घेणारा बघतच नाही. माझी 31 वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून ठोकलेल्या गाड्या मोजण्यात गेली, त्यामुळे माझी नजर आधी तिथंच जाते. पॉलिसीवर 'एनसीबी' (नो क्लेम बोनस), म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, टक्केवारीत लिहिलेली असते. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की 20 टक्के, मग 25, 35, 45, आणि पाच वर्षांनी 50. तुमच्या कागदावर 20 आहे. 2018 च्या गाडीवर 20 म्हणजे दीड-दोन वर्षांत कधीतरी क्लेम झालाय. किंवा दुसरी, निष्पाप शक्यता अशी की तेवढ्यातच गाडी दुसऱ्या मालकाच्या नावावर झाली. एनसीबी माणसाची असते, गाडीची नसते, मालक बदलला की आकडा पुन्हा शून्यापासून चालू होतो. आरसीवर दुसऱ्या मालकाचं नाव कुठल्या साली चढलं ते बघा. 2024 असेल तर हिशेब जुळतो. 2021 असेल तर विचारा, क्लेम कशाचा होता.

मला संशय का येतो सांगतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत डावा हेडलाइट उन्हानं पिवळट झालाय आणि उजवा पाण्यासारखा स्वच्छ आहे. दोन्ही एकाच वेळी बसवलेले दिवे असे वेगवेगळे म्हातारे होत नाहीत. उजवा बदललाय. बॉनेट उघडा, उजव्या मडगार्डचे बोल्ट बघा. कारखान्यात बोल्ट बसल्यावर रंग लागतो, पान्याच्या खुणा नसतात. खूण दिसली तर मडगार्ड निघालेलं आहे. नुसतं मडगार्ड असेल तर दहाबारा हजार कमी करून घ्या आणि विसरून जा. पण त्याच्या आतला ॲप्रन, म्हणजे ज्याच्यावर शॉकअप्सॉर्बरचा वरचा तुकडा बसतो तो पत्रा, ठोकून सरळ केलेला असेल तर गाडी सोडा. डाव्या ॲप्रनवरचे वेल्डिंगचे ठिपके बघा, मग उजव्यावरचे. डावे गोल, सारख्या अंतरावर असतील. उजवे वेडेवाकडे असतील किंवा त्यांच्यावर जाड पुट्टी असेल तर आणखी काही विचारायची गरज नाही. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर कुणीतरी तो काढून ठेवलाय.

आता एक गोष्ट, आणि ती तुम्ही न विचारता सांगतो कारण गाडी सांगलीत उभी आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा शहरातल्या तळघरांतल्या पार्किंगमध्ये किती गाड्या बुडाल्या ते मी मोजलंय, म्हणजे अक्षरशः, वहीत. रोज सकाळी रबरी बूट घालायचे आणि चिखलातून चासी नंबर शोधायचे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की ती 'टोटल लॉस' होते. मालकाला पैसे मिळतात, बुडालेली गाडी लिलावात जाते. इथवर सगळं कायदेशीर. पुढं ती धुतली जाते.

2021 च्या दिवाळीत माझा भाचा नवी घेतलेली सेकंडहँड सेडान दाखवायला दारात आला. पेढे आणले होते. आत बसलो तर अत्तराचा असा वास की डोकं चढलं. मी काही बोललो नाही, मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. नेहमी आपण हातभर ओढतो, पण शेवटचा वीतभर पट्टा गुंडाळीतच राहतो, तो कुणी धूत नाही. त्यावर गाळाची करडी रेघ होती. जुनी वही काढली, चासीचे शेवटचे आकडे लावून बघितले. माझ्याच हातानं लिहिलेले. भाच्यानं एका दलालाकडून घेतली होती, दलालानं दुसऱ्याकडून. पुढच्या पावसाळ्यात तिचं वायरिंग तीनदा बंद पडलं. तेव्हापासून भाचा पेढे आणत नाही.

म्हणून पाचही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुढच्या सीटच्या पटऱ्यांखाली बोट घाला, गंज लागतो का बघा. डिकीतलं स्टेपनी काढा, खालच्या खोलगटीत गाळ किंवा ताजा काळा रंग दिसतो का बघा. पुणे पासिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गाड्या पुरापेक्षा लांब जातात. 2019 लाच कोल्हापूर, आणि 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली होतं.

एवढं सगळं ठीक निघालं तरी गाडी घेण्याआधी खरी परीक्षा बाकी आहे, आणि ती तुमच्या सासूबाई घेणार आहेत. टेस्ट ड्राइव्हला बहुतेक घरातला पुरुष एकटा जातो, पिकअप बघतो आणि खूश होऊन येतो. पाच जणांची गाडी एकट्यानं का तपासायची? सगळे जा. सासूबाईंना मागे डावीकडून बसवा, उतरवा, मग पुन्हा बसवा. पहिल्यांदा माणूस उत्साहात बसतो, दुसऱ्या वेळी गुडघा खरं बोलतो. जायच्या आधी घरातली अशी खुर्ची निवडा जिच्यातून त्या हाताचा आधार न घेता उठतात. तिची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजा. मग गाडीच्या मागच्या सीटची मोजा. सीट खुर्चीपेक्षा तीन-चार इंच खाली असेल तर रोज उतरताना गुडघा वाकणार आणि पंधरा दिवसांत त्या म्हणतील, 'तुम्ही जावा, मी घरीच बरी.' सेडान बैठी असते, हा तिचा दोष नाही, तिची घडणच तशी. उलट उंच एसयूव्हीत वर चढताना तोच गुडघा त्रास देतो. त्यामुळे टेप, आणि सासूबाई.

पाच जणं बसलात की डिकीत दोन बॅगा टाका आणि गावातल्या सगळ्यात वाईट स्पीडब्रेकरवरून न्या. नियमानं स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच असावा. आपल्या ग्रामपंचायतींना हा नियम कुणी कळवलेला दिसत नाही. ह्या सिटीची जमिनीपासूनची उंची कागदावर 165 मिलिमीटर, पण ती रिकाम्या गाडीची. पाच माणसांनी ती मागून बसते. पोट घासलं, तर एकदा मागचे स्प्रिंग-शॉकअप्सॉर्बर थकलेत का ते मेकॅनिककडून बघून घ्या. ते नवे असूनही घासत असेल तर ही गाडी तुमच्या रस्त्याची नाही.

इंजिनाबद्दल मी मुद्दाम शेवटी बोलतोय, कारण 1.5 लिटरचं हे पेट्रोल इंजिन समजूतदार आहे, टायमिंगला चेन आहे, पट्टा ठरावीक किलोमीटरला बदलायची भानगड नाही. फक्त गाडी थंड असताना चालू करून बघा. तुम्ही पोचायच्या आधीच दुकानदारानं गरम करून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावला की समजेल. परत घरी या, दुसऱ्या दिवशी जा.

घेतलीत तर दुकानदार गाडी नावावर करायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म पुढं करेल. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन-देऊन गाडी हातोहात फिरवायची पद्धत आहे, तीत पडू नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत, घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अपघात झाला तर भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, हे सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायचा 35 नंबरचा फॉर्म आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

माझं मत? टायरची गोष्ट जोवर जुळत नाही तोवर सव्वासात लाख देऊ नका. मीटर 90 हजारच असेल तरी ही गाडी वाईट नाही, पण 90 हजारांच्या भावाने घ्या.

प्रश्न : धायरीहून लिहितो आहे. नवी सेडान घ्यायची आहे, शोरूम किंमत 12 लाखांच्या आसपास. स्लाव्हिया किंवा व्हर्टसचं 1.0 टर्बो ऑटोमॅटिक, की सिटी, की व्हर्ना? रोज धायरी ते हिंजवडी. घरी बायको, सहा वर्षांची मुलगी आणि अधूनमधून आईबाबा.

उत्तर : धायरी ते हिंजवडी म्हणजे तुमचा डावा पायच निकाल देतोय, ऑटोमॅटिकच घ्या. स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस ह्या सख्ख्या बहिणी, दोघी चाकणच्या. त्यांच्या 1.0 टर्बोसोबत जो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो तो टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा, सहा गिअरचा; 1.5 च्या इंजिनाला सात गिअरचा दुहेरी क्लचचा. बंपरला बंपर लावून सरकणाऱ्या रहदारीत मला पहिला जास्त आवडतो. मुलगी आणि आईबाबा मागे बसणार असतील तर मात्र व्हर्नाच्या मागच्या सीटवर तिघांना बसवून बघा, आणि मग ह्या दोघींमध्ये. तीन मोठ्या माणसांचे खांदे कुठं जुळतात ते पाच मिनिटांत कळेल. सिटी चालवायला सगळ्यात गुळगुळीत, घाटात ओव्हरटेक करताना सगळ्यात कमी आग्रही.

सुरक्षिततेत, गाड्या ठोकून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेकडून स्लाव्हिया-व्हर्टस आणि व्हर्ना, तिघींनाही 2023 मध्ये पाच तारे मिळाले, त्यामुळे तिथं घोळ घालू नका. पैशांचं गणित मात्र मांडा. सप्टेंबर 2025 पासून ह्या आकाराच्या गाड्यांवर जीएसटी 40 टक्के आहे, आधी सेस धरून 45 होता. त्यावर आपला रोड टॅक्स: 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के, म्हणजे 12 लाखांच्या गाडीला जवळजवळ दीड लाख. तुमच्या 12 चे रस्त्यावर येईपर्यंत किती होतात ते शोरूमवाल्याला कागदावर लिहून द्यायला लावा. 'हँडलिंग चार्जेस' नावाची ओळ दिसली तर ती खोडायला सांगा. खोडतात.

आणि गाडी कुठल्या महिन्यात बनली ते चासी नंबरावरून विचारा. डिसेंबरात सवलत मिळते ती उगीच नाही. जानेवारीत तीच गाडी विकायला गेलात तर एक वर्ष जुनी धरतात.

प्रश्न : रत्नागिरीजवळ राहतो. 2015 ची सियाझ डिझेल स्वस्तात मिळते आहे. महिन्याला 400 किमी चालवीन. ॲव्हरेज चांगलं मिळतं म्हणतात.

उत्तर : ॲव्हरेज मिळतंच, पण 400 किलोमीटरवर वाचणारं डिझेल महिन्याला हजाराच्या आतबाहेर भरेल, आणि एक इंजेक्टर गेला की वर्षाची बचत त्यात जाईल. मारुतीनं 2020 मध्ये डिझेल सोडलं, सियाझही 2025 मध्ये बंद झाली. पार्ट मिळतील, पण वाट बघावी लागेल. नोंदणी 2030 ला संपते, म्हणजे हातात तेवढीच वर्षं.

त्यात समुद्राकाठची गाडी. रॅम्पवर चढवून खालून बघा. सायलेन्सरचा पत्रा, ब्रेकच्या पाइपा आणि मागचा ॲक्सल नखानं खरवडा. खपली निघाली की दार लावून घरी या. नाही निघाली तर पेट्रोलची तेवढीच जुनी दुसरी एखादी मिळते का ते आधी बघा, मगच मला परत लिहा. ह्या वेळी फोटोसकट.