नीट चालता येत नाही, शेंगदाणे आणि दूध चालत नाही. वजन कसं उतरवू?

ताई, तुम्ही लिहिलंय की अपघातात मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला आणि तेव्हापासून वॉकर धरून घरातल्या घरात फिरता येतं, तेवढंच. शेंगदाणे आणि दूध दोन्हींची ॲलर्जी. वजन वाढतंय आणि जो येतो तो ‘जरा चालत जा’ म्हणून जातो. शेवटी उपास धरू का, असंही विचारलंय.

मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायाला कॅलिपर आहे, दोन कुबड्या आहेत, लांब जायचं तर व्हीलचेअर. शेंगदाण्याची ॲलर्जी मलाही आहे आणि राहते सोलापुरात, जिथे शेंगाचटणी नसेल तर ताट वाढलंय असं कुणी म्हणत नाही. वाढलेलं वजन मी बऱ्यापैकी उतरवलंय. सावकाश, पण उतरलंय.

आपल्याकडे वजनाची गोष्ट निघाली की ती चालण्यावरच येते. डॉ. दीक्षितांची पद्धत तुम्हालाही दहा जणांनी सांगितली असेल: दिवसातून दोनदाच जेवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. माझ्या ऑफिसातल्या दोघा-तिघांना तिचा चांगला गुण आला. आपण मात्र दुसऱ्या कलमापाशीच अडतो. पण म्हणून नाराज होऊ नका. साधारण वजनाच्या माणसाच्या तेवढ्या चालण्यात दोनशे-अडीचशे कॅलरी जळतात, म्हणजे मोठे दोन चमचे तेल. चालण्याचे बाकी फायदे पुष्कळ आहेत, ते आपल्याला मिळत नाहीत याचं वाईट वाटतंच. पण वजनापुरतं बोलायचं तर ते दोन चमचे स्वयंपाकघरातही वाचवता येतात.

आता खरी अडचण. तुमच्या घरी ओट्याशी कोण उभं असतं? वॉकर धरलेल्या बाईला एका हाताने कढई हलवता येत नाही, म्हणजे स्वयंपाक सासूबाई, जाऊ किंवा स्वयंपाकाच्या मावशी करत असणार. आमच्याकडे वहिनी करते. मग आपलं वजन आपल्या हातात कमी आणि तिच्या पळीत जास्त, आणि डाएटचा कागद तर आपल्या नावाचा. शिवाय घरोघरी एक वाक्य असतं: ‘बसून असते बिचारी, तिला दुसरं काय सुख आहे? खाऊ दे की.’ हे बोलणारे प्रेमाने बोलतात, म्हणून त्यांना तोडताही येत नाही. पाहुणे आले की पहिली जिलेबी आपल्या ताटात. दुखणं विचारायला आलेला माणूस बिस्किटाचा पुडा घेऊन येतो. अंथरुणाला खिळलेल्या, खुर्चीत बसलेल्या माणसाचं निम्मं वजन मला वाटतं या दयेचं असतं. डाएटिशियन छापील कागद देते, त्यात हिचा हिशोब नसतो.

मी वहिनीला ‘तेल कमी घाल’ असं कधी म्हटलं नाही. ते तिच्या हाताच्या चवीला नाव ठेवल्यासारखं झालं असतं. त्यापेक्षा हिशोब मांडला. बँकेतली सवय, दुसरं काय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या आहारात दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. चार माणसांच्या घरात महिन्याला ते साडेतीन लिटरच्या आसपास जातं. आमच्याकडे पाच लिटरचा डबा महिना संपायच्या आत तळ दाखवायचा. आता दर सोमवारी आठवड्याचं तेल मोजून वेगळ्या किटलीत काढतो आणि रविवारपर्यंत ती पुरवायची. फोडणीला पळीऐवजी चहाचा चमचा. यात माझं एकटीचं पथ्य असं काही राहिलं नाही, भावाची शुगरही त्यातच सुधारली. तुमच्या घरात असा दुसरा एखादा शुगर-बीपीवाला असेलच, त्याला आपल्या बाजूने घ्या.

आणखी एक लक्षात ठेवा. हालचाल कमी असली, स्नायू वाळले असले की शरीराची गरजच कमी होते. २००० कॅलरी तुम्हाला जास्तच होणार. पण म्हणून एकदम हजारावरही येऊ नका, त्यात चरबीबरोबर उरलेसुरले स्नायू जातात आणि वॉकरवर उभं राहायला तेच लागतात. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. दिवसाला तीनशेची काटछाट टिकली तर महिन्याला एखादा किलो उतरतो. आपल्यासारख्यांना हा वेग पुरे.

दुधाबद्दल मला शंका आहे, ती विचारते. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात, की अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, दम लागतो? पहिला प्रकार बहुतेक वेळा दुधातली साखर न पचण्याचा असतो, आणि मोठेपणी तोच जास्त आढळतो. त्यात अनेकांना दही, ताक चालून जातं. दुसरा प्रकार म्हणजे खरी ॲलर्जी, तिथे चमचाभर ताकसुद्धा नको आणि घरी करून बघण्याचा प्रयोगही नको. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे स्किन प्रिक टेस्ट होते. हातावर थेंब ठेवून टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते की नाही ते दिसतं. आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, त्या कधी बंद करायच्या ते त्यांनाच विचारा. टेस्टमध्ये काय दिसतं आणि खाल्ल्यावर तुम्हाला काय होतं, दोन्ही जुळवून ते ठरवतात. मात्र एकाच रक्तात शेदोनशे पदार्थ तपासून देणाऱ्या आयजीजी टेस्टच्या नादी लागू नका. तुम्ही जे नेहमी खाता तेच त्यात उमटतं, ॲलर्जी कळत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीने तो रिपोर्ट बघून गहू, तूर, टोमॅटो, वांगी, सगळं सोडलं. उरलं काय, तर भात आणि बटाटा. वजन वाढलं.

हे मुद्दाम सांगितलं, कारण ॲलर्जीवाल्या माणसाचं वजन बऱ्याचदा ‘चालणाऱ्या’ पदार्थांनी वाढतं. शेंगदाणे नको, दूध नको, मग भूक लागली की काय? मुरमुरे, टोस्ट, भाताचा आणखी एक वाढा. सगळं पिठूळ. म्हणून आधी ताटातून काही काढू नका, आधी प्रथिनं आणा. तुम्ही काय खाता ते लिहिलं नाहीत. शाकाहारी असाल तर मूग, मटकी, तूर आणि आमच्याकडचे हुलगे. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीस-चोवीस ग्रॅम प्रथिनं असतात, पण आपण वाटीभर आमटीत डाळ घालतो किती? आमटी घट्ट करा आणि भाकरी एकाने कमी करा. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नासच्या आसपास प्रथिनं, कोरड्या मूठभर वड्या दोघांच्या भाजीला पुरतात. सोयाबीन, हरभरा आणि शेंगदाणा एकाच कुळातले, पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना बाकीची कडधान्यं चालतात. तुम्हाला चालतात का ते त्याच टेस्टच्या वेळी विचारून घ्या. खात असाल तर अंडी, कोंबडी, मासे आहेतच. दूध नाही म्हणून कॅल्शियमचं बघा: नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, आणि हाड मोडलेलं आहे तर ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या.

शेंगदाण्याचं तुम्हाला माहीतच असेल, तरी दोन गोष्टी सांगते. एक, मिक्सरचं भांडं. कूट केलेल्या भांड्याच्या पात्याखाली, रबराच्या खाचेत ते चिकटून राहतं, आणि त्याच भांड्यात खोबऱ्याची चटणी वाटली की ती आपल्यासाठी बाद. माझं छोटं भांडं वेगळं आहे, त्याच्या झाकणाला वहिनीने लाल चिंधी बांधलीय. दोन, तेल. भरपूर रिफाइन केलेल्या शेंगतेलात प्रथिन जवळजवळ राहत नाही, पण सध्या ज्याचं कौतुक चाललंय त्या लाकडी घाण्याच्या तेलात ते राहतं. मी दोन्ही टाळते. कुटाच्या जागी भाजलेलं किसलेलं खोबरं किंवा जवस वापरतो, पण ते मोजूनच, खोबऱ्यालाही कॅलरी असतात. बाहेरच्या पाकिटांवर दूध, शेंगदाणे, सोया वगैरे असल्याचं छापणं बंधनकारक आहे. बारीक अक्षरात मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन दिसलं तर ते दूधच. सुट्या फरसाणावर काहीच छापलेलं नसतं. ते सोडलंत तर ॲलर्जी आणि वजन दोन्हींचं काम होतं. लग्नाकार्यात यजमानाला विचारू नका, तो ‘काही नाही त्यात’ म्हणतो. थेट आचाऱ्याला विचारा.

आणि ॲलर्जीची औषधं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवू नका. आपल्याला उठून घेता आली पाहिजेत, पलंगाच्या हाताशी. घसा आवळला, दम लागला तर गोळीचा गुण येण्याची वाट बघत बसायचं नाही, आडवं व्हायचं (आडवं पडून दम जास्तच लागत असेल तर पाय लांब करून बसायचं) आणि १०८ला फोन करायला सांगायचं. त्या वेळी लागतं ते ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. ते जवळ ठेवायचं का, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

व्यायाम. माझा पाय आणि तुमचा पाय वेगळा. पोलिओ झालेल्यांना पुढे पंधरा ते चाळीस वर्षांनी नवी अशक्तता येऊ शकते, म्हणून आम्हाला दमेपर्यंत व्यायाम मनाच आहे. तुमचं हाड जुळलंय, तर फिजिओथेरपिस्ट तुम्हाला बरंच पुढे नेऊ शकेल. किती भार टाकायचा हे ऑर्थोपेडिककडून लिहूनच घ्या. आपल्या दोघींना लागू होणारी गोष्ट म्हणजे खांदे. कुबड्या, वॉकर, पलंगावरून उठणं, सगळीकडे आपण हात खाली रेटतो, म्हणून व्यायाम ओढण्याचा हवा. मी रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवते, खुर्चीचे ब्रेक लावते आणि कोपरं मागे नेत ओढते. बातम्या लागल्या की सुरू, पहिली जाहिरात आली की थांबायचं. तुम्ही बसल्या बसल्या चांगला गुडघा वर उचलू शकाल, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलू शकाल. दुसऱ्या दिवशी अंग आंबून गेलं तर निम्म्यावर या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीत अपंगांसाठीही आठवड्याला १५० मिनिटं सांगितलीत, पण झेपेल तेवढ्यापासून सुरुवात करा, असंही त्यातच आहे.

वजन करायचं कसं, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. एका पायावर तोल सांभाळत बाथरूमच्या काट्यावर उभं राहायचं म्हणजे पडायची सोय. आमच्या ओळखीच्या भुसार दुकानात पोती मोजायचा जमिनीलगतचा काटा आहे. आधी मी खुर्चीसकट त्यावर, मग मला तांदळाच्या कट्ट्यावर बसवून रिकामी खुर्ची. हमालमामा आकडा मोठ्याने ओरडतात, आता लाज वाटेनाशी झालीय. एकदा म्हणाले, ‘मॅडम, माल घटलाय.’ इतकी छान दाद मला आजवर कुणी दिलेली नाही. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरतं. बाकी कमरेची टेप. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत सांगतात. बसूनच मोजत असाल तर दर वेळी बसूनच मोजा. बीएमआयच्या तक्त्याकडे मी फारसं बघत नाही, वाळलेल्या पायाचा त्यात विचार नाही.

थायरॉइड आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) तपासलं नसेल तर तपासा. दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी काही गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, काहींनी वजन वाढतं. पण मनाने बंद करू नका. वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दल लोक विचारतात. ती डॉक्टरांनीच ठरवायची गोष्ट. फक्त भूक मेल्यावर माणूस प्रथिनंही कमी खातो आणि स्नायू उतरतात, हे त्यांच्याशी बोलून घ्या.

राहिला उपास. साबुदाण्याची खिचडी म्हणजे साबुदाणा अख्खा स्टार्च आणि त्याला कूट, तुमचा-माझा त्याच्याशी संबंध नाही. भगर केली तर सोबत दाण्याची आमटी आलीच. तुपात परतलेले बटाटे आणि केळ्याचे वेफर्स खाऊन वजन उतरलेलं मी तरी पाहिलं नाही. पंढरपूरच्या जिल्ह्यात राहून आषाढीला उपास न धरणं सोपं नाही, आईच्या डोळ्यांत अजून खुपतं. त्या दिवशी मी राजगिऱ्याची भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी घेते, जिऱ्याची फोडणी, वर ओलं खोबरं. आईला उपास केल्याचं समाधान, मला जेवल्याचं. तुम्हाला धरायचाच असेल तर हे करून बघा. फक्त राजगिऱ्याचं पीठ घरी दळा, गिरणीत आधी काय दळलंय ते कळत नाही.