झोपेची तक्रार वेगळी मांडा

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला (वय ३२) स्किझोफ्रेनिया आहे. रात्री ११ वाजता त्यावरची ओलान्झपीन ही गोळी घेतो, तरी ३ पर्यंत जागा असतो आणि मग दुपारी १२ पर्यंत झोपतो. घोरतोही फार. डॉक्टर म्हणतात, या आजारात असं होतंच. आई त्याला आळशी म्हणते. काय करू?

उत्तर : ताई, तो आळशी नाही, हे आधी आईंना सांगा. या आजारात झोप बिघडते हे खरं, पण म्हणून तिच्यावर इलाज नाही असं मुळीच नाही. गर्दीच्या ओपीडीत 'आवाज येतात का, गोळ्या घेतो का' एवढ्यावर वेळ संपते आणि झोपेचं राहूनच जातं. म्हणून पुढच्या वेळी कागद घेऊन जा. दोन आठवडे रोज लिहा : गोळी कधी घेतली, पाठ कधी टेकली, झोप अंदाजे कधी लागली, उठला कधी, दिवसा किती झोपला, चहा-तंबाखू कधी. नुसतं 'झोप येत नाही' म्हटलंत तर बहुधा आणखी एक गोळी वाढेल.

घोरणं मात्र अजिबात सोडू नका. ओलान्झपीनने वजन वाढतं, गळ्याभोवती चरबी साचते आणि झोपेत श्वास अडू शकतो. घोरता घोरता एकदम शांत होतो, दहा-एक सेकंद श्वास थांबतो आणि मग गचका देऊन सुरू होतो, असं होतं का? त्याला विचारून मोबाइलवर चित्रण करा, डॉक्टरांना दाखवा आणि स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची) तपासणी मागा. हा आजार असेल, तर झोपेच्या काही गोळ्यांनी श्वास आणखी अडतो. त्यावर झोपताना श्वासासाठी हवेचा मास्क लावतात; पण 'हा कुठला मास्क लावतोय' असं गृहीत धरून तपासणीच टाळतात, हे आम्हाला फार खटकतं. सवय झाली की असे रुग्णही मास्क नीट लावतात.

रात्री का जागतो, हे त्यालाच विचारा. कित्येकांना शांततेत भासाचे आवाज जास्त छळतात, झोपायचीच भीती वाटते. पाय स्वस्थ राहत नसतील, तर तो औषधाचा परिणाम असू शकतो आणि त्यावर उपाय असतो.

उठण्याची वेळ दर चार-पाच दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा. उठल्यावर अर्धा तास अंगणात किंवा गच्चीवर उजेडात बसवा. गोळी लवकर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने वेळ बदलू नका. 'आज रात्रभर जागव, उद्या झोपेल' हा शेजाऱ्यांचा सल्ला तर बिलकूल नको, जागरणाने संशय आणि भास वाढतात. दोन रात्री जवळजवळ झोपच झाली नाही आणि बोलणं बदललं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. ते भेटले नाहीत तर टेलिमानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे आणि रात्रीही चालू असते.